आढावा सभेत आमचंही ऐकून घ्या : विदर्भातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
विदर्भातील सर्व अकरा जिल्हा परिषदा

विषय : मासिक आढावा सभेत कर्मचाऱ्यांच्या अडचणी नोंदवून घेऊन त्यांना उत्तर देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

"आपल्या लोकांचं कामात लक्षच नाही," हे वाक्य आपल्याकडून वारंवार कानावर येतं. कधी सभेत, कधी केंद्राला भेट दिल्यावर, कधी बातमीत. मी विदर्भातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहाय्यिका आहे आणि त्याआधी बरीच वर्षं उपकेंद्रावर आरोग्य सेविका होते. आज माझ्याकडे सहा उपकेंद्रांची देखरेख आहे. ज्यांच्याबद्दल आपण हे बोलता त्या सेविका, सेवक, समुदाय आरोग्य अधिकारी, आशाताई आणि गटप्रवर्तक यांच्यासोबतच माझा दिवस जातो. काहींचं मन कामातून उडालं आहे हे मी नाकारत नाही. पण गावात बाळंतपण सुखरूप झालं, तापाचा पोरगा उठून बसला, म्हातारीनं "बाई, तू आली म्हून बरं वाटलं" म्हटलं, की थकलेली सेविकाही दुसऱ्या दिवशी वेळेवर निघते. मन उडताना मी पाहिलं आहे ते तालुक्याच्या आढावा सभेत.

एक प्रसंग सविस्तर सांगते.

आमचा भाग कापूस-सोयाबीनचा. दसऱ्याच्या सुमारास वेचणी सुरू होते आणि मजुरी किलोवर मिळते. स्वयंपाक उरकून, डबा बांधून बाया सकाळीच शेताच्या वाटेला लागतात, त्या दिवस मावळताना घरी येतात. सातव्या महिन्याची गरोदर बाईसुद्धा कमरेला झोळी बांधून पात धरते, कारण हेच दोन-तीन महिने हातात पैसा येण्याचे असतात. लसीकरणाचा आणि गरोदर मातांच्या तपासणीचा आमचा ग्राम आरोग्य व पोषण दिन मात्र ठरलेल्या वारी सकाळी दहाला सुरू होतो. अंगणवाडीत टेबल मांडून सेविका बसते, आशाताई हाका मारून येते आणि सांगते, घरोघर कुलूप आहे.

एका उपकेंद्रावरच्या आमच्या सेविकेनं यावर उपाय काढला. आशाताई आणि अंगणवाडीच्या ताईशी बोलून तिनं गरोदर मातांची तपासणी वेचणीपुरती संध्याकाळी घ्यायला सुरुवात केली. लसीचा कॅरियर त्याच दिवशी केंद्रात परत जावा लागतो, म्हणून लसीकरण दिवसाच ठेवलं. तपासणी तेवढी संध्याकाळी. बाया शेतातून परस्पर येऊ लागल्या. हिमोग्लोबिनसाठी बोट टोचायला घेतलं की वाळल्या बोंडांच्या टोकांचे ओरखडे आधीच दिसायचे. त्यांतली एक बाई सहज बोलून गेली, "मले वाटलं उन्हानं डोस्कं दुखून राह्यलं." चार दिवसांपासून दुखत होतं. रक्तदाब १६०/११० भरला, पायावर सूज होती. त्याच रात्री १०२ च्या गाडीनं तिला ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून जिल्ह्याला नेलं. आई आणि बाळ दोघंही वाचली. ही बाई सकाळच्या सत्राला आली नसती. रोजी बुडवून डोकेदुखी दाखवायला कोण येतं?

पुढच्या आठवड्यात वरिष्ठांची भेट झाली. दुपारी दोन वाजता उपकेंद्राला कुलूप होतं. सकाळचं लसीकरण आटोपून सेविका गृहभेटींना गेली होती आणि परत यायची होती ती संध्याकाळच्या तपासणीला. 'कारणे दाखवा' नोटीस आली. तिनं खुलासा लिहिला, सोबत त्या बाईच्या संदर्भचिठ्ठीची प्रत जोडली, मी माझं मत लिहून दिलं. त्या खुलाशाला उत्तर आलं नाही. सभेत मात्र तिचं नाव 'मुख्यालयी गैरहजर' म्हणून वाचलं गेलं. ती बोलायला उभी राहिली तेव्हा "कारणं नकोत, काम दाखवा" असं म्हणून तक्त्याची पुढची ओळ आली.

तिनं संध्याकाळची तपासणी बंद केली. आता ती दहा ते पाच उपकेंद्रात असते, रजिस्टर पूर्ण असतं, तिच्याबद्दल वरून तक्रार नाही. माझी आहे. तिनं माझ्याजवळ नवीन काही सुचवणं सोडून दिलं. पूर्वी ती सोमवारी सकाळी फोन करून "मॅडम, असं करून पाहू का?" विचारायची. तो फोन आता येत नाही.

माणूस कामात केव्हा गुंततो आणि केव्हा त्यातून तुटतो, याचा अभ्यास झालेला आहे, आणि तो आपल्या प्रशिक्षणातही असायला हवा असं मला वाटतं. विल्यम कान या अमेरिकी अभ्यासकानं १९९० मध्ये तीन गोष्टी मांडल्या : आपण करतो ते काम मोलाचं आहे असं वाटणं, मनापासून काही केलं किंवा बोललं तर आपल्यावर शेकणार नाही याचा भरवसा, आणि त्या कामासाठी अंगात त्राण शिल्लक असणं. पुढे नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या विल्मार शाउफेली आणि सहकाऱ्यांनी हे गुंतणं मोजायला १७ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. नंतर तिची ९ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. कामातला उत्साह, कामाविषयीची निष्ठा आणि कामात हरवून जाणं, असं तिन्ही त्यात पाहिलं जातं. २००१ मध्ये शाउफेलींसह चार अभ्यासकांनी जे मांडलं ते मला आमच्या केंद्राला सर्वांत लागू पडणारं वाटतं. कामाचा बोजा वाढला की माणूस थकतो. पण कामापासून त्याचं मन तुटतं ते बहुतेक आधार नसल्यामुळे. आधार म्हणजे चालू स्थितीतली साधनं, वरिष्ठांची साथ, केलेल्या कामाबद्दल परत मिळणारा शब्द आणि थोडीफार निर्णयाची मोकळीक. आमच्या त्या सेविकेचा बोजा संध्याकाळच्या तपासणीनं वाढलाच होता, तरी ती उत्साहात होती. नोटिशीनं तिचा बोजा कमी केला आणि मनही काढून घेतलं.

यासाठी परदेशी दाखलेच हवेत असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९० च्या दशकात गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा निष्कर्ष आला : तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी खाली आला होता. या अनुभवाच्या आधारावर उभी राहिलेली घरभेटीची पद्धत आज देशभरातल्या आशाताई चालवतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची भेट जास्तीची. सगळ्या भेटींचा मिळून मोबदला २५० रुपये ठरवला गेला. त्या मूळ कामात बाईला वरचेवर शिकवलं जायचं, देखरेख करणारं माणूस गावात येऊन तिच्यासोबत बाळ पाहायचं आणि तिची सामग्री तिच्या पिशवीत असायची. भेटींचं वेळापत्रक आपण सगळीकडे नेलं. हा आधार त्याच प्रमाणात गेला नाही.

आमच्याकडे काही आशाताईंचा वजनकाटा बंद पडला आहे. काटा म्हणजे मोठी वस्तू नाही, झोळी अडकवून बाळ तोलायचा साधा काटा. मागणीपत्र केंद्रातून तालुक्याला जातं आणि तिथून पुढे त्याचं काय होतं ते कळत नाही. एक आशाताई शेजारच्या गावातून काटा मागून आणते. ज्यांना ते जमत नाही त्यांच्याही फॉर्मवर वजन लिहिलेलं असतं. फॉर्म रिकामा गेला तर तिचे पैसे अडतात. काटा बंद आहे हे सांगितलं तर काही हलत नाही. सभेत "किती गृहभेटी झाल्या?" हा प्रश्न दरवेळी येतो. "किती काटे चालू आहेत?" हा मी आजवर ऐकला नाही. कमी वजनाचं बाळ सापडावं म्हणून हा सगळा कार्यक्रम आहे, आणि ते सापडण्याचं एकमेव साधन आपल्या तक्त्यात नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही असंच. १ जुलै २०२३ रोजी देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचं उद्दिष्ट ठेवून. पूर्व विदर्भातल्या कितीतरी घरांना हा आजार पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यामुळे मोहिमेचा आनंद आम्हालाच सर्वांत जास्त. आमच्या आरोग्य सेवकानं शाळा, आश्रमशाळा, पाडे, तांडे फिरून नमुने घेतले. सभेत त्याला नमुन्यांचा आकडा विचारला गेला आणि तो कमी म्हणून बोलणी बसली. त्या नमुन्यांत एका मुलाला आजार निघाला. त्याला हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या वेळेवर मिळतात का, सांधे दुखून शाळा किती बुडते, हे आमचा सेवक दर महिन्याला त्याच्या घरी जाऊन पाहतो, गोळ्या संपत आल्या की स्वतः आणून देतो. हे काम त्याच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही. आणखी किती दिवस तो ते करत राहील, याची मला काळजी आहे.

नोंदींबद्दल थोडक्यात. गरोदर माता आणि बालकांची नोंद आरसीएच पोर्टलवर, लस यू-विनवर, क्षयरुग्ण नि-क्षयवर, रक्तदाब-मधुमेह एनसीडी पोर्टलवर, आणि या सगळ्यांची कागदी रजिस्टरं वेगळी. इथवर मी समजू शकते. पण पोर्टलवर भरलेलेच आकडे संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक्सेलमध्ये "तात्काळ, आजच, निरंक असल्यास निरंक कळवावे" म्हणून का मागितले जातात? रेंज नसलेल्या गावातली सिस्टर त्यासाठी शाळेच्या गच्चीवर उभी असते. तो वेळ रुग्णांचा असतो.

सगळी दुखणी आपल्या हातात नाहीत याची मला जाणीव आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या सहकाऱ्यांना अकरा महिन्यांचा आदेश मिळतो, त्याच टेबलावर तेच काम करणाऱ्या नियमित सिस्टरचा पगार वेगळा असतो. दहा वर्षं सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला; त्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संपावर जावं लागलं. आशाताईंचं मानधन, रिक्त पदं, दोन-दोन उपकेंद्रांचा अतिरिक्त कार्यभार, गळक्या निवासस्थानात राहून मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव आणणं, हे सगळं खरं आहे आणि त्यासाठी संघटना भांडत आहेत. त्याचे निर्णय मुंबईत होतात. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो, तिथल्या सहकाऱ्यांचे प्रश्न तर आमच्यापेक्षा कितीतरी कठीण. तरी पावसाळ्याआधीच गरोदर बायांना समजावून रुग्णालयाजवळ आणून ठेवण्याचं काम ते करतात. मी हे पत्र केवळ त्या गोष्टीसाठी लिहिते आहे जी आपल्या एका सहीनं बदलते. ती म्हणजे सभा.

ती बदलू शकते हे मी पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याला एक आरोग्य अधिकारी होते. सभेत ते आकडे घ्यायचेच, आणि कडकपणे घ्यायचे. पण त्यांच्याजवळ एक जाड वही असायची. प्रत्येक उपकेंद्राला ते विचारायचे, "या महिन्यात काय अडलं?" आणि उत्तर स्वतःच्या हातानं लिहायचे. पुढच्या सभेची सुरुवात त्या वहीपासून व्हायची. हे झालं, हे झालं नाही, हे माझ्या अधिकारात नाही म्हणून जिल्ह्याला पाठवलं, त्याचं पत्र हे. आमच्या केंद्रातला लसीचा फ्रिज दुरुस्त व्हायला तेव्हाही बराच वेळ लागला. फरक एवढाच की तो कुठे अडला आहे हे आम्हाला दर महिन्याला कळत होतं. त्या काळात लोक सभेत बोलायचे. एका सेवकानं सुचवल्यावरून फवारणीच्या हंगामात कृषी सहायकाला सोबत घेऊन आम्ही गावोगाव मजुरांना गोळा केलं. उलट्या, धूसर दिसणं, घाम, लाळ सुटणं ही लक्षणं दिसली की कुठे जायचं ते सांगितलं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून जास्त जीव गेले होते, ती धास्ती ताजी होती. कुठल्याही परिपत्रकात नसलेलं ते काम खालून सुचलं होतं. त्या साहेबांची बदली झाली आणि वही त्यांच्यासोबत गेली.

आपण म्हणाल, खरंच काम टाळणारे लोक आहेत, त्यांचं काय? आहेत. माझ्या सहा उपकेंद्रांतही आहेत, आणि त्यांच्यावर कारवाई व्हावी या मताची मी आहे. पण आजची सभा त्यांच्याच सोयीची आहे. काम टाळणाऱ्याचे आकडे नेहमी जुळलेले असतात, कारण त्याला फक्त आकडेच जुळवायचे असतात. सभेत कारण सांगायला उभी राहते ती बहुतेक वेळा काम करून अडलेली बाई असते. आपल्यावरही वरून दडपण आहे, व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये आपल्यालाही तक्त्यातल्या लाल ओळींचा जाब द्यावा लागतो. ते दडपण जसंच्या तसं खाली ढकललं की उपकेंद्राच्या पातळीला त्याचं एकच उत्तर उरतं. आकडा भरून टाका.

म्हणून माझी विनंती अशी. मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय मागच्या सभेत कर्मचाऱ्यांनी सांगितलेल्या अडचणी आणि त्यांवर झालेली कार्यवाही हा असावा, आणि तो इतिवृत्तात लिहिला जावा. अधिकारी बदलला तरी इतिवृत्त कार्यालयात राहतं. "झालं नाही" हे उत्तरही चालेल, पण कारणासह आणि लेखी हवं. पोर्टलवर असलेली माहिती पुन्हा व्हॉट्सॲपवर मागू नये, असं एक पत्र जिल्हा स्तरावरून निघावं. आशाताईंच्या वजनकाट्यांची आणि थर्मामीटरची तालुकानिहाय स्थिती तक्त्यात यावी. नोटीस काढण्याआधी आरोग्य सहाय्यिकेला किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याला एक फोन व्हावा, आणि खुलासा मान्य असेल तर तसं लेखी कळवून नोटीस निकाली काढावी. भेटीला याल तेव्हा शक्य असेल त्या दिवशी रजिस्टर बाजूला ठेवून तासभर सिस्टरच्या शेजारी बसा, तपासणी चालू असताना. त्या तासात दिसेल ते सभेत बोललं जात नाही.

कर्मचाऱ्यांचं मन कामात आहे की नाही हे आपल्याला खरोखर मोजायचं असेल, तर त्या नऊ प्रश्नांच्या धर्तीवर मराठीत साधी प्रश्नावली करून एकदा सर्वांकडून निनावी भरून घेता येईल. पण तिचा निकाल आम्हालाही दाखवायचा असेल तरच ती घ्यावी. नाहीतर तोही आमच्यासाठी आणखी एक फॉर्म होईल.

शेवटची मागणी तातडीची आहे. ग्राम आरोग्य व पोषण दिनाची तपासणीची वेळ हंगामाप्रमाणे ठरवण्याचा अधिकार सेविका, आशाताई आणि ग्रामपंचायतीला मिळून द्यावा, आणि त्या वेळेची नोंद आगाऊ तालुक्याला दिली असेल तर दुपारी कुलूप दिसलं म्हणून गैरहजेरी लावू नये. मेळघाटातल्या सहकारी सिस्टरकडून ऐकते, तिथे घरंच्या घरं मजुरीसाठी बाहेर जातात, तर भाताच्या पट्ट्यात रोवणीच्या दिवसांत हीच अडचण येते. त्यांनी त्यांच्या हंगामाची वेळ ठरवावी. आमच्याकडे वेचणी दसऱ्याला सुरू होते. सप्टेंबरच्या सभेत हा निर्णय झाला, तर माझ्या त्या सेविकेला नवं वेळापत्रक मी त्याच दिवशी हातात देईन, आणि यंदाच्या गरोदर बायांची यादी तिच्याकडे तयारच आहे.

आपली विश्वासू,
एक आरोग्य सहाय्यिका,
प्राथमिक आरोग्य केंद्र, विदर्भ